सावरवाडीची बेचाळीस घरं

माझा धंदा काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. तळेगावात कुणी विचारलं, की ती म्हणायची, "शालू लोणावळ्याला ड्रॉइंग शिकवते." मी एक वर्ष खरंच शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे तेवढं खोटं तिच्या देवांना चालत असावं. खरं असं, की मी बाहुल्या चालवत होते. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत खपून एका बाहुलीची दहा पावलं पडली, तर तो दिवस आम्ही चांगला धरायचो.

परवा माझ्या भाचीची मुलगी सई मला तिच्या ऑफिसात घेऊन गेली. तिथे सगळे कॉम्प्युटरवर त्रिमितीय चित्रपट करतात. तिने पडद्यावर एक माणूस दाखवला. आधी नुसती हाडं, मग हाडांवर कातडी, मग कपडे, मग कुठून उजेड पडणार ते. चालताना कोणत्या क्षणी पाय कुठे, हे ती ठरवून देते आणि मधल्या जागा मशीन भरतं. मी म्हटलं, "आमच्यात मधलं मी भरायची." तिच्या शेजारच्या मुलाने अदबीने विचारलं, "म्हणजे आजी, तुमचं ते सपाट कागदावरचं असणार ना?"

मी त्याला तिथे फार काही बोलले नाही. पण माझ्या बाहुल्यांना पाठ होती, टाच होती आणि टाचेखाली स्क्रू होता. हाडं त्यांनाही होती. सपाट कागदावरच्या माणसासाठी आम्ही जे केलं ते कुणी केलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

वलवणच्या बाजूला रेल्वेलाइनपासून थोडं आत एक पत्र्याची शेड होती. वसंतरावांनी ती भाड्याने घेतली होती. वसंतराव मुंबईत कॅमेरामन होते. मोठ्या सिनेमातल्या दगदगीला कंटाळून, एक जुना कॅमेरा विकत घेऊन ते लोणावळ्याला आले आणि बाहुल्यांच्या लहान फिल्म करू लागले. जाहिराती असायच्या, आरोग्याच्या, शेतीच्या, शाळांसाठीच्या फिल्म असायच्या. माणूस अबोल आणि भित्रा. दुकानदाराने शिळा पाव दिला तर परत करायला मला पाठवायचे. मी साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे गेले आणि शेड बंद होईपर्यंत तिथेच राहिले.

काम असं चालायचं. आधी लाकडाचा आणि तारेचा सांगाडा. गुडघा, घोटा, खुबा, मान, जिथे माणूस वाकतो तिथे सांधा. सांधा इतकाच घट्ट हवा, की हलवला तर हलेल आणि सोडला तर तिथेच राहील. सांगाड्यावर कापूस आणि कापड, त्यावर रंगवलेलं कातडं, मग लुगडं किंवा धोतर. मग बाहुली टेबलावर उभी करायची, पायातून खाली स्क्रू घालायचा, दिवे लावायचे आणि कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचं. मग हात केसभर हलवायचा आणि पुन्हा चित्र. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. आम्ही प्रत्येक हालचालीची दोन चित्रं घ्यायचो, म्हणजे सेकंदाला बारा वेळा हलवणं आलं. मधे चूक झाली तर पहिल्यापासून. चूक झाली की नाही, हे फिल्म मुंबईला धुवायला जाऊन परत आल्यावर कळायचं.

त्यात आमची शेड रेल्वेजवळ. घाटातून मालगाडी वर यायची, तिला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावलेली असायची, आणि ते सगळं लटांबर गेलं की आमचं टेबल थरथरायचं. वसंतरावांनी भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक लावलं होतं. दोन गाड्यांच्या मधे आम्ही काम करायचो, गाडी आली की हात वर करून उभं राहायचो. पावसाळ्यात आणखी वेगळा छळ. हवेने लाकूड फुगायचं आणि बाहुल्यांचे गुडघे धरायचे, अगदी म्हाताऱ्या माणसासारखे. आम्ही त्यांना पेटीत घालून आत बल्ब लावून ठेवायचो.

हे सांधे करायचे बारकूभाऊ. ते आमच्याकडे शेडच्या भिंतीला कारवीच्या काड्या बांधून लिंपायला म्हणून आले होते. डोंगरातल्या सावरवाडीचे, तेव्हा चाळिशीचे असतील. भिंत संपल्यावर ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी तारेचा एक गुडघा तिसऱ्यांदा मोडला होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शिवणीच्या लाकडाचा सुपारीएवढा सांधा कोरून आणला. आत खुंटी, खुंटीला मेण. तो सांधा मी पुढे दोन वर्षं वापरला. वसंतरावांनी त्यांना कामावर ठेवलं.

चालणं मला त्यांनीच शिकवलं. मी चित्रकलेच्या पुस्तकातून पावलं काढायची. ती पाहून ते एकदा म्हणाले, "ताई, हा मानूस सपाटीचा हाय. डोईवर भारा घेऊन चढनारा असा टाच टेकत न्हाई." आणि त्यांनी शेडभर चालून दाखवलं. तेव्हापासून कोणतीही बाहुली हलवण्याआधी मी त्यांना चालायला लावायची. खोकल्याच्या औषधाची एक जाहिरात होती, तिच्यात रोगजंतू घशात शिरतो आणि औषधाची बाटली त्याला हाकलते. बारकूभाऊंनी त्या जंतूला ओढ्यातल्या खेकड्याची चाल दिली, तिरकी, थबकत थबकत. औषधवाले गृहस्थ थिएटरात जाऊन ती पाहून आले आणि तणतणत आमच्याकडे आले. लोक जंतूला टाळ्या देतात आणि बाटली आली की गप्प बसतात, अशी त्यांची तक्रार. मी त्यांना सांगितलं, की बाटलीला गुडघे नसतात, त्याला माझा इलाज नाही. वसंतराव तेवढ्या वेळापुरते मागच्या दाराने बाहेर गेले होते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

आमच्या भागात एक धरण व्हायचं होतं. त्याची माहिती देणारी फिल्म करायचं काम एका सरकारी कार्यालयाकडून आलं. आमच्याकडे तोवर आलेलं सगळ्यांत मोठं काम. दहा मिनिटांची फिल्म, अख्ख्या दरीची प्रतिकृती, भिंत कशी उभी राहील, पाणी कसं भरेल, खालच्या गावांना काय मिळेल. प्रचाराचं काम पाहणारे कर्णिक नावाचे अधिकारी नकाशे घेऊन आले. टापटीप माणूस, बोलणं मऊ. धरण ही चांगली गोष्ट आहे, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. खरं सांगायचं तर माझाही होता. तळेगावात आमच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं.

नकाशा टेबलावर पसरला तेव्हा बारकूभाऊंनी एक ओढा ओळखला, मग दुसरा. मग एका जागी त्यांनी बोट ठेवलं. तिथे पाच-सहा ठिपके होते आणि बारीक अक्षरात सावरवाडी असं लिहिलं होतं. पाणी जिथवर चढणार ती निळी रेघ होती, आणि ठिपके तिच्या आत होते. धरण होणार हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, वर्षभर माणसं येऊन खुणेचे दगड रोवून जात होती. पण रेघ कुठून जाणार, हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, हे काम तुम्ही करू नका. मी दुसरा कुणी सुतार बघते."

ते म्हणाले, "दुसऱ्याला काय म्हाईत आमची वाडी. मीच करतो."

दरी करायची रीत अशी. नकाशावर सारख्या उंचीच्या रेघा असतात. एकेका रेघेच्या आकाराची प्लायवुडची फळी कापायची आणि या फळ्या पायऱ्यांसारख्या एकावर एक ठेवायच्या. वरून प्लास्टर आणि रंग दिला, की डोंगर होतो. शेडच्या अर्ध्या जागेत ती दरी उभी राहिली. बारकूभाऊंनी नकाशातली एक चूक काढली, ओढ्याचं एक वळण नकाशात उलट होतं. कर्णिकांनी मोजणीच्या माणसाकडून पुन्हा पाहून घेतलं, तर बारकूभाऊ बरोबर निघाले. कर्णिक खूष झाले. फिल्मच्या सुरुवातीला पाटी टाका, असं त्यांनी स्वतः सांगितलं आणि मजकूरही लिहून पाठवला: "या चित्रपटातील दरीची प्रतिकृती प्रत्यक्ष मोजणीवरून तंतोतंत तयार केलेली आहे."

मग बारकूभाऊंनी घरं करायला घेतली. त्यांना मी सांगितलं होतं, पाच-सहा पुरेत, लांबून वाडी आहे एवढं कळलं की झालं. ते हो म्हणाले आणि बेचाळीस केली. काड्यापेटीएवढं एकेक घर, बारीक काड्यांच्या भिंती, गवताची छपरं. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. कुणाचं दार पूर्वेला, कुणाच्या छपराला मधे बाक, कुणाच्या अंगणात दगडी जोतं. आणि प्रत्येक छपराच्या एका बाजूला, चुलीवर असेल तिथे, त्यांनी काजळीचा डाग दिला होता. मी विचारलं, हे इतक्या लांबून दिसणार कुणाला. ते म्हणाले, "दिसू न्हाईतर न दिसू. घर हाय म्हंजी धूर हाय."

कर्णिकांनी एक दृश्य मागितलं होतं. बुडणाऱ्या गावांतले लोक आनंदाने नव्या गावी जातात, बैलगाड्या, हसरे चेहरे, पुढे मुलं नाचत. त्यासाठी मोठ्या बाहुल्या करून मी बारकूभाऊंना विचारलं, घर सोडणारा माणूस कसा चालेल. ते उठले. शेडचं एक जुनं फळकूट त्यांनी पाठीवर घेतलं आणि वाकून चालू लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, अर्धे वळले, मागे पाहिलं, पुन्हा चालले. मला वाटलं, भारा असेल. मी विचारलं, पाठीवर काय आहे.

"दार," ते म्हणाले. "भिंती ऱ्हात्यात हितंच. दार कोन सोडतंय."

मी ते दृश्य तसंच केलं. एक माणूस घराचं दार पाठीवर घेऊन जातो, थांबतो, वळतो, जातो. चौदा सेकंद. त्याला मला पाच दिवस लागले. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे, हे मी आज कुठलाही विनय न बाळगता सांगते.

फिल्म धुवून आली, कर्णिक पाहायला आले. ते दृश्य संपल्यावर त्यांनी दिवा लावायला सांगितला. ते रागावले नाहीत, त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, धरणाच्या भूमिपूजनाला येणाऱ्या पाहुण्यांसमोर हे दाखवता येणार नाही, लोकांची मनं बिघडतील. त्यांच्यासमोर वसंतरावांनी कात्रीने ते चौदा सेकंद कापले. मग कर्णिक दरीच्या टेबलापाशी आले. घरं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी मोजली नाहीत, पण फार आहेत एवढं त्यांच्या लक्षात आलं.

"बाई, ही घरं काढून टाका," ते मला म्हणाले. "हा चित्रपट पाण्याचा आहे, गावाचा नाही. रिकामी दरी दाखवा. बघणाऱ्याचं लक्ष पाण्यावर हवं."

मी म्हटलं, दरी रिकामी नाही. ते म्हणाले, पाणी येईल तेव्हा रिकामी असेल. ते खरं होतं. ते गेल्यावर वसंतराव बारकूभाऊंना हळूच म्हणाले, की घरं उचलून ठेवा. बारकूभाऊ टेबलापासून दोन पावलं मागे सरले.

"मालक, त्यांना काढायचीत तर त्यांनी काढावी. माज्या हातानं न्हाई."

मग वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, माझ्याही हाताने नाही, आणि हवं तर उद्यापासून मी येत नाही. मी हे फार मोठ्या आवाजात बोलले असणार. वसंतराव खुर्चीवर बसले. त्या कामावर शेडचं वर्ष अवलंबून होतं. दरीकडे पाहत त्यांनी हात पुसले. माझी खात्री होती, की आता ते स्वतः उठून घरं काढतील.

ते म्हणाले, "दाराचा शॉट वेगळा होता, म्हणून कापता आला. भिंत, गाव, पाणी, सगळं एकाच शॉटमध्ये घेतलं तर?"

मला कळायला थोडा वेळ लागला. फिल्म कापता येते ती जिथे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे. कॅमेरा हलवला नाही, मधे तोडलं नाही, भिंत उभी राहतेय तोच खाली गाव आहे आणि पाणी चढतंय तेच गावावरून, असं सलग घेतलं, तर गाव काढायला जागा राहत नाही. शिळा पाव परत करायला न धजणाऱ्या माणसाने हे सुचवलं होतं.

आमचा तो शॉट एकोणीस दिवस चालला. कॅमेरा आम्ही जमिनीत रोवलेल्या खांबाला बांधला. भिंत मी कणाकणाने वाढवत नेली. पाण्याचं असं, की खरं पाणी इतक्या लहान दरीत पाणी दिसत नाही, डबकं दिसतं. पण डोंगरासाठी कापलेल्या फळ्यांचे आतले आकार आमच्याकडे होतेच. त्याच आकारांचे पारदर्शक कागद कापले, घरांभोवती छिद्रं ठेवली, आणि एकावर एक चढवत गेले. एक थर, चित्रं, दुसरा थर, चित्रं. कागद चढेल तसं एकेक घर बुडायला लागलं, आधी जोती, मग दारं. बारकूभाऊ शेजारी उभे राहून मला कागद देत होते. वरच्या आळीतलं एक घर गेलं तेव्हा ते म्हणाले, "आमचं."

मधेच कर्णिक आले. वसंतरावांनी त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की आत पाऊल टाकलं तरी जमीन हलून शॉट बिघडेल. ते शब्दशः खरं होतं. कर्णिकांनी बाहेरूनच विचारलं, घरं काढली ना.

वसंतराव म्हणाले, "पाणी आलं की दिसणार नाहीत, साहेब."

कर्णिकांनी फिल्म पाहिली ती पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी. पुन्हा करायला वेळ नव्हता. त्यांनी कात्री मागितली. वसंतरावांनी कात्री दिली आणि फिल्म टेबलावर पसरली. कर्णिकांनी ती भिंगाखाली पुढे मागे नेऊन पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "साहेब, गाव काढायचं तर पाणीही काढावं लागेल."

ते फिल्म तशीच घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, की यापुढे आमच्या कार्यालयाचं काम तुम्हाला मिळणार नाही. शब्दाला जागले, मिळालं नाही.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती माझ्या ताठरपणाची बढाई म्हणून सांगितली असती. पण पुढच्या वर्षी उठणाऱ्या घरांची यादी लागली. यादीत ज्याचं घर, त्याला नव्या गावठाणात जागा. सावरवाडीची यादीत तीस घरं होती. वरच्या आळीतली बारा घरं, जमीन ज्यांच्या नावावर नव्हती अशा डोंगरातल्या लोकांची, कारकुनाने गुरांचे गोठे म्हणून लिहिली होती. बारकूभाऊंचं घर त्यांतच होतं. त्या लोकांनी अर्ज केले, आणि वडगावला सुनावणी ठेवली गेली.

बारकूभाऊ मला म्हणाले, "ताई, आपल्या पिच्चरमधी बाराच्या बारा हायत."

मी कर्णिकांच्या कार्यालयात गेले आणि फिल्म मागितली. त्यांनी देणार नाही असं तोंडाने म्हटलं नाही, फक्त चार वेळा उद्या या म्हणून सांगितलं. पाचव्यांदा मी बाकावर बसून राहिले आणि उठायला नकार दिला. शेवटी शिपाई एक चिठ्ठी घेऊन आला, की सुनावणीला फिल्म घेऊन कर्णिक स्वतः हजर राहतील.

कचेरीतल्या खोलीची दारं-खिडक्या भर दुपारी लावून घेतल्या. कौलांतून उजेड पडत होता, तरी भिंतीवर चित्र दिसलं. सावरवाडीची माणसं जमिनीवर दाटीने बसली होती. दरी दिसली, भिंत चढू लागली, आणि खाली वाडी. मग एका म्हातारीने तिचं घर ओळखून मुलाला दाखवलं. सुनावणी घेणारे साहेब तिशीचे, चष्मा लावणारे. चित्र मधेच थांबवता येत नाही, दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळते, म्हणून ते पुन्हा लावा म्हणाले. मग पुन्हा. प्रत्येक वेळी बारकूभाऊ भिंतीशी उभे राहून वरच्या आळीतली घरं नावानिशी सांगत गेले, आणि प्रत्येक वेळी पाणी चढून ती बुडाली.

साहेबांनी विचारलं, गोठे नाहीत कशावरून.

बारकूभाऊंनी भिंतीवर बोट टेकवलं. "छपराला काजळी बघा, साहेब. गुरं सैपाक करत्यात का?"

यादी करणारा कारकून उठला आणि म्हणाला, की ही प्रतिकृती याच माणसाने बनवली आहे, त्याने वाटेल तेवढी घरं लावली आणि वाटेल तिथे काजळी फासली. हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. मला बोलायला सांगितलेलं नव्हतं, तरी मी उठले.

"धरणाची भिंतही याच माणसाने बनवली आहे, साहेब," मी म्हटलं. "ओढ्याचं वळण खात्याच्या नकाशात चुकलं होतं, तेही यानेच दुरुस्त केलं. घरं खोटी असतील तर भिंत आणि पाणीही खोटं धरावं लागेल. आणि फिल्मच्या सुरुवातीला पाटी आहे, ती वाचा."

पाटी वाचली गेली. प्रत्यक्ष मोजणीवरून, तंतोतंत. साहेबांनी कर्णिकांना विचारलं, हा मजकूर कुणाचा. कर्णिकांना आमचा मजकूर म्हणून सांगता आलं असतं, आणि तिथे त्यांना कुणी खोटं पाडलं नसतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"आमच्या कार्यालयाचा आहे," ते म्हणाले. "मीच लिहिला."

साहेबांनी घरोघर जाऊन पुन्हा पाहणी करायचा हुकूम दिला.

आता मला जे सांगायला सगळ्यांत जड जातं ते. पाहणी झाली तो दिवस आधी कळवला नव्हता. त्या दिवशी बारकूभाऊ शेडमध्ये होते, कारण दंतमंजनाच्या एका जाहिरातीसाठी मी त्यांना बोलावून घेतलं होतं. जबड्याचा सांधा अडत होता आणि तो त्यांच्याशिवाय कुणाला जमला नसता. घरची माणसं रानात होती. दार लावलेलं, आणि उन्हामुळे एक वासरू ओसरीवर बांधलेलं. पाहणाऱ्यांनी वासरू पाहिलं आणि गोठा असं लिहून पुढे गेले. बारांपैकी सात घरं यादीत चढली. पाच राहिली, आणि त्यांत त्यांचं एक. मी पुन्हा अर्ज लिहिले, वडगावला गेले, पुण्याला गेले. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, की फेरपाहणी झालेली आहे.

मी त्यांना म्हटलं, की माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, सकाळी निघताना वासराला सावलीत मी बांधलं, तुमी न्हाई. त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही, आणि मी अजून तो सोडलेला नाही.

पाणी चढलं ते मी पाहायला गेले नाही. मी एकदा चढवलं होतं, तेवढं पुरे झालं. शेड त्यानंतर काही वर्षं जाहिरातींवर रडतखडत चालली. मग वसंतरावांची नजर अधू झाली, त्यांनी कॅमेरा विकला, आणि मी पुन्हा ड्रॉइंग शिकवू लागले. आई एकदाची खरं बोलू लागली. ती फिल्म कुठे आहे, मला ठाऊक नाही. कुणाच्या तरी कपाटात चिकटून गोळा झाली असेल.

शाळेला सुट्टी असताना एकदा मी बारकूभाऊंकडे गेले. ते नव्या गावठाणात गेले नव्हते, तिथे त्यांना जागाच नव्हती. पाण्याच्या रेघेच्या वर, उतारावर, त्यांनी स्वतःच्या हाताने घर बांधलं होतं. जमीन धरणाच्या खात्याची होती, तिथे राहायला परवानगी नव्हती. मी काळजीने विचारलं, इथे कुणी उठवायला येत नाही का.

"येत्यात की," ते म्हणाले. "वरसाला एकदा येत्यात. नोटीस देत्यात."

त्यांनी बायकोला आतून डबा आणायला सांगितला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात सगळ्या नोटिसा एकावर एक नीट घडी घालून ठेवल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी एक मोठ्याने वाचली. अमुक ठिकाणी बारकू यांनी राहते घर बांधले असून ते आठ दिवसांत काढून घ्यावे, नाहीतर खात्याकडून काढण्यात येईल. त्यांनी मला मधेच थांबवलं आणि एक शब्द पुन्हा वाचायला लावला.

मी वाचला, "राहते घर."

"तेच," ते म्हणाले. "आता कोन म्हनंल गोठा?"

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा त्याच घडीवर दुमडला आणि डब्याचं झाकण घट्ट बसवलं.